रक्तपित्या उमराव आणि वर्षाराणीचं स्थळ

विंझर, ता. वेल्हे
(तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आबा शेजारी बसलेत, त्यामुळं वेल्हेच लिहितो.)

ती. गेनूदादा,

विंझरच्या सोमनाथचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. पत्र पोचेल तेव्हा तुम्ही, वहिनी, पोरं आणि नवी आणलेली म्हैस असे सगळे खुशाल असाल असं धरून चालतो. तुमच्या पाठीला आराम पडला का? वहिनींना सांगा, त्यांनी दिलेलं मिरचीचं लोणचं संपलं, पण बरणी मी अजून कुणाला धुऊ दिलेली नाही. इकडं सगळं ठीक आहे. आबांचं ऐकू येणं जरा कमी झालंय, बोलणं वाढलंय. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान बरं चाललंय. विहिरींना पाणी आहे आणि विजेचं खालीवर चालू आहे, तोवर लोकांच्या मोटारी जळतात आणि आमची चूल पेटते. तुमची बहीण रत्ना मजेत आहे, म्हणजे कामात आहे, म्हणजे माझ्यावर चिडलेली आहे.

फोन करायला हवा होता, हे मान्य. पण तुम्ही फोन तळहातावर ठेवून बोलता, आणि तुमच्या ओट्यावर सकाळी जी मंडळी बसलेली असतात ती माझं म्हणणं पुरतं ऐकायच्या आधीच निकाल देऊन मोकळी होतात. (गेल्या वेळी मी फक्त ‘दादा, एक अडचण आहे’ एवढंच म्हणालो, तर मागून कुणीतरी ‘ट्रॅक्टर मिळणार न्हाई म्हणावं’ असं सांगून टाकलं.) शिवाय विषय असा आहे की बोलताना माझा गोंधळ उडतो. लिहिताना निदान मधे कुणी तोंड घालत नाही. आबा घालतायत, पण त्यांना वाटतंय मी गावच्या रस्त्यासाठी अर्ज लिहितोय, आणि ते त्याच विषयावर बोलतायत.

तर मुद्द्याचं. तुम्ही माझ्यावर तीन बाबतींत नाराज आहात असं कळलं. एक, तुम्ही सुचवलेल्या स्थळाच्या मंडळींनी प्रेमानं घरचा लसूण आणला आणि आमची वर्षाराणी त्याला हसली. दोन, एवढा शिकलेला, स्वतःची रोपवाटिका चालवणारा, सुपारीसुद्धा न खाणारा मुलगा तिनं एका भुतापायी नाकारला. तीन, त्याच मंडळींना आम्ही पुन्हा बोलावून घेतलं, अख्खा रविवार अंधाऱ्या खोलीत कोंडलं, आणि मध्यस्थ म्हणून तुम्हाला साधा निरोपही धाडला नाही. दादा, तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फक्त त्या अशा एकीला एक चिकटवून सांगितल्या की फार वाईट दिसतात. म्हणून मधलं सगळं सांगतो.

आधी ते भूत. भूत म्हणजे आपल्याकडच्यासारखं पिंपळावरचं नव्हे. परदेशातल्या एका उमरावाची जुनी गोष्ट आहे, लिहून शंभरावर वर्षं झाली म्हणे. हा उमराव डोंगरातल्या गडावर एकटा राहतो. मेलेला आहे पण मरत नाही, दिवसा पेटीत झोपतो आणि अंधार पडला की उठून लोकांच्या मानेतून रक्त पितो. आरशात त्याचं तोंड दिसत नाही (मग भांग कसा पाडतो, असं रत्नानं विचारलं होतं, अजून उत्तर मिळालेलं नाही) आणि लसणाचा वास आला की तो उंबऱ्यावरूनच मागं फिरतो. गोष्ट एकच, पण तिच्यावर पिक्चर इतके निघालेत की बघणाऱ्यांच्यात पंथ पडलेत, आणि एका पंथाचा माणूस दुसऱ्या पंथाच्या माणसाला पाणीसुद्धा विचारत नाही. आमची वर्षाराणी त्यातल्या एका पंथाची. ती नसरापूरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे हे तुम्हाला माहीतच आहे. दिवसभर लोकांचं रक्त काढते आणि घरी आली की मोबाईलवर हे बघत बसते. मी एकदा विचारलं, बाई, ह्यात तुला आवडण्यासारखं काय आहे? तर म्हणाली, “पप्पा, सुई बघून न घाबरणारा हा एकटाच गडी हाय.”

पण तिची आधीची स्थळं मोडली ती भुतानं नाही, नोकरीनं मोडली. जो तो यायचा त्याला मुलगी शिकलेली हवी असायची आणि लग्नानंतर घरात हवी असायची. पोर तोंडावर हसायची. पाहुणे गेले की लॅबचा पांढरा कोट उगाचच धुवायला काढायची, स्वच्छ असला तरी. ते मला बघवत नसे. म्हणून तुम्ही अमृतचं नाव काढलंत तेव्हा मी मनातल्या मनात ठरवलं होतं की हे मोडू द्यायचं नाही. मोडलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो आणि काही करू शकलो नाही, ही गोष्ट वेगळी.

मंडळी पहिल्यांदा आली तेव्हा असं झालं. अमृत, त्याचे वडील गोरखराव आणि आई सुलक्षणाबाई. सुलक्षणाबाईंनी गाडीतून उतरल्या उतरल्या पिशवीतून लसणाची पातीसकट विणलेली भलीमोठी माळ काढली आणि वर्षाराणीच्या हातात दिली. शेतातला पहिला लसूण, मायेनं आणलेला. आणि आमची पोर फिस्सकन हसली. तिच्या डोक्यात उमराव होता हो. लसूण घरात आला, आता उमराव येत नाही, एवढाच त्या हसण्याचा अर्थ. पण तो कुणाला कळणार? सुलक्षणाबाईंचा चेहरा पडला. रत्नानं मला कोपर मारलं (मी काय केलं होतं?). खोलीत एकाच माणसाला ते हसू कळलं, तो म्हणजे अमृत. त्यानं चहाच्या कपात तोंड घालून हसू दाबलं, ते मी पाहिलं, आणि मला वाटलं, जमलं.

पोहे झाले, घराण्याचं बोलणं झालं, मग आबा म्हणाले पोरांना जरा बोलू द्या. दोघं मागच्या अंगणात फणसाखाली गेली. मी विहिरीच्या मोटारीचा स्टार्टर तपासायला गेलो. (स्टार्टर उत्तम होता.) अमृत म्हणाला, “लसणाला हसलात तवाच वळखलं म्या.” वर्षाराणी म्हणाली, “तुमी पण बघता?” तो म्हणाला, “शाळेपासनं.” दादा, त्यानंतर दोघं अशी बोलायला लागली की लहानपणापासून एका बाकावर बसलेली असावीत. गड कसा, पेटी कशी, वटवाघळं कशी. माझं आणि रत्नाचं लग्नाआधी एकच बोलणं झालं होतं, ते चहात साखर किती या विषयावर. मी मनात सुपारी फोडून घेतली. आणि तेवढ्यात तिनं विचारलं, त्यातला तुम्हाला कुठला पिक्चर आवडतो.

तो म्हणाला, रंगीत आहे तो, ज्यात उमराव आपल्या मेलेल्या बायकोला चारशे वर्षं शोधत असतो. वर्षाराणीनं भुवया चढवल्या. मग म्हणाली, “तो रडका?” अमृत म्हणाला, “बायकू गेलीया त्याची. रडंल न्हाई तर काय करंल?” ती म्हणाली, “मूळ गोष्टीत असलं काय न्हाई. प्रेमात पडला की तो भूत ऱ्हात न्हाई, जावई होतो.” अमृत म्हणाला, “अन् प्रेम नसंल तर चारशे वर्षं जगायचं कशाला? नुसतं जेवायला?” तिनं सांगितलं की खरा पिक्चर एकच, जुना, काळा-पांढरा, ज्यात उमराव एक शब्द जास्तीचा बोलत नाही, नुसता दारात उभा राहतो आणि बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. त्यावर अमृत जे बोलला ते त्यानं बोलायला नको होतं. तो म्हणाला, “त्यो व्हय? त्यो तर येस्टीची वाट बघत हुबा असल्यागत दिसतो.”

संपलं. वर्षाराणी आत आली आणि भांडी घासायला बसली, घासलेलीच. तिकडं सुलक्षणाबाईंनी लसणाचा आणि पोरीच्या रागाचा संबंध जोडला आणि निघताना दारात रत्नाला म्हणाल्या, “आमच्यात समदे लसूण खात्यात बाई, आधीच सांगितल्यालं बरं.” गाडी गेली. संध्याकाळी लॅबचा कोट दोरीवर वाळत होता.

आता हे इथंच मिटलं असतं. पण आठवडाभर वर्षाराणीचा मोबाईल सारखा टुंग टुंग वाजायचा आणि ती ओठ आवळून काहीतरी लिहायची. जेवताना एका हातानं भाकरी आणि दुसऱ्या हातानं भांडण. तो पिक्चरमधले तुकडे पाठवायचा, ती त्यातल्या चुका काढून परत पाठवायची. रत्ना मला हळूच म्हणाली, “ज्याला नको म्हणायचंय त्याच्याशी एवढं कुणी भांडत न्हाई.” मला ते पटलं (रत्नाचं मला सगळंच पटतं, पत्र तिच्या हाती पडलं तर असावं म्हणून लिहितोय). आणि एका दुपारी आबांनी, ज्यांना वाटत होतं की भांडण बांधावरून चाललंय, सगळी हकिगत दोनदा ऐकून घेतली आणि पंचाच्या थाटात निकाल दिला, “दोन्ही पिक्चर समद्यांनी मिळून बघायचं. तिच्या पिक्चरचं त्यानं समजावून सांगायचं, त्याच्या पिक्चरचं तिनं. मंग बघू कोण खरं.” कारण दोन्ही पिक्चर परदेशी, खाली इंग्रजी अक्षरं पळणारी, आणि ती वाचणारी माणसं दोन्ही घरांत मिळून दोनच.

तुम्हाला निरोप का गेला नाही ते इथंच सांगून टाकतो. आबांना वाटलं मी कळवलं. मला वाटलं रत्नानं कळवलं. रत्नाला वाटलं तुम्ही पाहुण्यांच्याच गाडीत बसून येणार. गाडीचं दार उघडलं, तिघं उतरली, चौथं कुणी उतरेना, तेव्हा आम्ही तिघांनीही एकमेकांकडं ज्या नजरेनं पाहिलं ती तुम्ही पाहायला हवी होती.

तर रविवारी सकाळी दुकानामागची मोठी खोली झाडून घेतली. ओळखीच्या मंडपवाल्याकडून प्रोजेक्टर आणला. पडद्याला रत्नानं चादर दिली, पण ती मधोमध जोडून शिवलेली, त्यामुळं दिवसभर उमरावाच्या नाकावरून एक आडवी शिवण गेलेली होती आणि आबा शेवटपर्यंत ती लढाईतली जखम समजत होते. खिडक्या झाकायला वरच्या वाडीचा चिमाजी धनगर आपल्या घोंगड्या घेऊन आला. त्याला म्हटलं, घोंगड्या ठेव आणि संध्याकाळी घेऊन जा, तर तो म्हणाला घोंगडी जिथं असते तिथं मी असतो, आणि एक करडू काखेत घेऊन दारापाशी बसला. दार लावलं, अंधार झाला, घोंगड्यांचा वास, करडाचा वास आणि सुलक्षणाबाईंनी या खेपेला मुद्दाम न आणलेला लसूण अशा वातावरणात पहिला पिक्चर सुरू झाला.

पहिला वर्षाराणीचा, काळा-पांढरा. सांगणार अमृत. सुरुवातीलाच घोडागाडी गडाच्या दारात जाऊन थांबली आणि आबांनी हात वर केला. आबा जन्मभर तोरण्याच्या सावलीत राहिलेले, त्यांना गडाचं काही शिकवायची सोय नाही. म्हणाले, “गाडी दारापातूर गेलीच कशी? गडाला वाट अशी अस्ती व्हय?” मग पाण्याचं टाकं कुठं आहे, ते विचारलं. टाकं दाखवेनात तेव्हा म्हणाले, ह्या गडावर कुणी राहूच शकत नाही, उमराव खोटं बोलतोय. पुढं उमरावानं पाहुण्याला स्वतःच्या हातानं जेवण वाढलं. आबांचा आवाज उतरला. “येवढा मोठा सरदार, अन् घरात एक गडी न्हाई. वतनात कायतरी घोळ झाल्याला दिसतोय बिचाऱ्याच्या.” तिकडं रानात लांडगे ओरडले, तर चिमाजी म्हणाला लांडगा असा ओरडत नाही, आणि कसा ओरडतो ते त्यानं करून दाखवलं, आणि करडू जे उधळलं ते गोरखरावांच्या मांडीवर जाऊन थांबलं. गोरखराव झोपलेले होते. करडूही झोपलं. ही दोघं नंतर बराच वेळ दिसली नाहीत.

या सगळ्यात अमृत काय करत होता, तर अन्याय करत होता. उमराव एका गोऱ्या बाईच्या दारात उभा राहिला, खाली अक्षरं उमटली, आणि अमृतनं घसा साफ करून सांगितलं, “तुझी वाट बघून डोळं शिणलं माझं.” वर्षाराणी ताडकन उठून उभी राहिली. “खोटं. तिथं लिहिलंय, तुझ्या अंगातलं रक्त माझं हाय.” अमृत शांतपणे म्हणाला, “अर्थ त्योच.” दादा, मी मोटारींचा माणूस, मला इंग्रजीही कळत नाही आणि प्रेमही फारसं कळत नाही, पण त्या दोन वाक्यांत फरक आहे एवढं मलाही कळलं.

जेवणं झाल्यावर अमृतचा रंगीत पिक्चर लागला आणि वर्षाराणीनं सगळा सूड उगवला. उमराव डोळ्यांत पाणी आणून हातभर लांब बोलायचा, आणि ती सांगायची, “लई भूक लागलीया म्हणतोय.” त्यानं बायकोच्या तसबिरीपुढं गुडघे टेकले. ती म्हणाली, “चारशे वर्षं झाली, कुणी ताट वाढलं न्हाई म्हणतोय.” आता झालं असं की रत्नाला ते खरंच वाटलं आणि तिला कळवळा आला. एवढं मोठं घर, घरचं माणूस नाही, किती वाळलाय बघा, असं ती म्हणायला लागली. म्हणजे मुलीची आई मुलाच्या उमरावाच्या बाजूला गेली. आणि इकडं सुलक्षणाबाईंना तो अजिबात आवडेना. त्या म्हणाल्या, “सकाळचा बरा व्हता. गप हुबा ऱ्हायचा. ह्यो तर सारखा मुळूमुळू रडतोय. बाप्या मानसानं रडावं, न्हाई म्हणत न्हाई, पर असं दात काढून न्हाई.” म्हणजे मुलाची आई मुलीच्या पंथाला लागली. वर्षाराणीनं मागं वळून त्यांच्याकडं असं बघितलं की जणू बाजारात हरवलेलं माणूस सापडलं. म्हणाली, “मामी, मी हेच सांगतीया.” मामी कधी झाल्या, कुणी विचारलं नाही.

पण भांडण थांबेना. ती काही सांगायची, तो ‘असं न्हाई’ म्हणायचा, आणि पडद्यावरचा माणूस नुसता तोंड हलवत राहायचा. शेवटी सुलक्षणाबाईंनीच तोड काढली. म्हणाल्या, दोघंही पुढं जाऊन बसा, तो उमरावाचं बोलेल, ती पिक्चरमधल्या बाईचं बोलेल, आणि मधे कुणी बोलायचं नाही. दोघं चादरीपुढं सतरंजीवर जाऊन बसली, मधे स्पीकर. आणि खरं सांगतो दादा, मग जरा बरं चाललं. तो उमरावाचं बोलायचा, ती बाईचं. दोघांचेही आवाज चांगले आहेत. चिमाजीसुद्धा गप्प बसला.

मग एक जागा आली. उमराव खिडकीत उभा, ती बाई आत, आणि तो तिला विचारतो की माझ्याबरोबर येतेस का. वर्षाराणीनं नंतर सांगितलं, तिथं अक्षरं होती, ‘माझ्याबरोबर आलीस तर तुला उजेड सोडावा लागेल.’ अमृतनं ती वाचली. थांबला. मग तो म्हणाला, “माझ्यासंगं आलीस तर तुला काय सोडावं लागणार न्हाई. नोकरीबी न्हाई. नसरापूर काय लई लांब न्हाई, म्या सोडीन रोज.”

आबांनी मला विचारलं, “नसरापूर तिकडं बी हाय व्हय?”

मी त्यांचा गुडघा दाबला. पडद्यावरची बाई तोंड मिटून नुसती बघत होती, तिला त्या जागी बोलणंच नव्हतं. पण वर्षाराणी बोलली. चादरीकडं बघत, अगदी हळू, “घरी विचारलंस का?”

मागून अंधारातून सुलक्षणाबाई म्हणाल्या, “इचारलंय म्हणावं. अन् नसतं इचारलं तरी म्या व्हय म्हणले असते. म्या बी लग्नाआधी बालवाडीवर व्हते. सोडलं तवा कुणी इचारलं न्हाई मला.”

रत्ना पदरात तोंड घालून मुसमुसायला लागली. माझ्या डोळ्यात घोंगडीची लोकर गेली. आणि त्याच क्षणी वीज गेली.

आता इन्व्हर्टर माझाच, मीच दुरुस्त केलेला, म्हणून त्याच्याबद्दल मी काही लिहीत नाही. काळोख झाला, दार उघडलं, घोंगड्या काढल्या, बाहेर लख्ख दुपार. गोरखराव जागे झाले, मांडीवरच्या करडाकडं पाहिलं आणि विचारलं, “मेला का त्यो?” ते कुणालाच सांगता येईना, कारण पिक्चरचा शेवट राहिला होता. अमृत म्हणाला बायकोच्या कुशीत जातो. वर्षाराणी म्हणाली पुढचं सांगू नका, आणि खरा शेवट तिच्या पिक्चरमधलाच. (त्याचाही शेवट भांडणाच्या गोंधळात कुणी नीट पाहिलेला नव्हता.) दोघं तिथंच परत भांडायला लागली, पण आता हसत हसत. सुलक्षणाबाई रत्नाला म्हणाल्या, “घरात ह्यो अन् ह्येचा बाप, दोघं एकाच बाजूनं बोलत्यात. माझ्या बाजूनं बोलणारं कुणीतरी येऊंद्या की.” आणि आबांनी कोनाड्यातली सुपारी काढली आणि अडकित्त्यानं फोडलीसुद्धा.

दादा, ती सुपारी तुमच्या हातानं फुटायला हवी होती. हा तुमचा मान होता, तो आमच्याकडून राहून गेला, आणि त्याची रुखरुख मला आहे. आबांना मी म्हटलं, गेनूदादांना येऊ द्या. ते म्हणाले, वीज यायच्या आत फोडतो, परत पिक्चर लागला तर परत मोडंल. त्यात तथ्य होतं. आता साखरपुडा पुढच्या महिन्यात करू म्हणतोय, विंझरलाच, आणि पहिलं कुंकू तुम्ही लावल्याशिवाय वर्षाराणी पाटावर बसणार नाही असं तिनं स्वतः सांगितलंय. तिचं लॅबचं रुटीन चालू आहे. पांढरा कोट धुवायच्या दिवशीच धुतला जातो. मला एवढं पुरे आहे. तुम्ही हे स्थळ सुचवलं नसतं तर हे झालं नसतं, हे मी भोंगवलीत तुमच्या ओट्यावर उभा राहून मोठ्यानं सांगायला तयार आहे.

माझं स्वतःचं विचाराल तर मला या सगळ्या प्रकारात काडीचा रस नाही. उमराव बोलका असो, मुका असो, रडका असो, माझं त्याच्याशी देणंघेणं नाही. लग्न पार पडेपर्यंत या घरात रक्तपित्याचं नाव निघता कामा नये, असा हुकूम मी सगळ्यांदेखत काढलाय. रत्नानं लगेच मान डोलावली आणि आबाही म्हणाले, वेळ वाया जातो नुसता. अशी घरात शिस्त आहे.

हे पत्र अमृतच्याच हाती देतोय, तो उद्या इकडं येऊन परत भोंगवलीला जाणार आहे. पाकीट चिकटवलेलं आहे ते तपासून घ्या. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, म्हशीला जपा.

तुमचा,
सोमनाथ

ता. क. एक काम होतं, ते वर लिहायचं राहिलं. म्हणजे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं. त्याच गोष्टीवरचा नवा पिक्चर पुण्यात लागलाय. शेवट राहिला तो राहिलाच, आणि तेव्हापासून मला नीट झोप नाही. तो गेला की राहिला, हे एकदा कळायला हवं. येत्या रविवारी मी दुपारच्या खेळाला जाऊन येईन म्हणतो. घरी मी सांगितलंय की तुमच्या विहिरीची मोटार बघायला भोंगवलीला चाललोय. रत्नाचा फोन आलाच तर मी विहिरीत उतरलोय असं सांगा. (मला आपलं वाटतं की उमराव मुळात वाईट नाही. हे कुणाला बोलू नका.)

ता. क. दुसरं. आबांना कसं कळलं माहीत नाही. तेही येणार म्हणतात. नव्या पिक्चरमध्ये पाण्याचं टाकं दाखवलंय का एवढंच बघून येतो म्हणाले. तेव्हा तेही तुमच्याकडं आलेत असं धरा.

ता. क. तिसरं. अमृत आत्ताच आला. पाकीट परत फोडून हे लिहितोय. तिकिटं मोबाईलवर काढायची असतात म्हणून त्याला बाजूला घेऊन म्हटलं, बाबा, दोन काढ, कुणाला कळता कामा नये. तो म्हणाला, “मामा, काढल्यात. तुमचीबी धरूनच काढली व्हती.” मग हळूहळू उलगडा झाला. रत्नानं त्याला चार दिवसांपूर्वीच सांगून ठेवलंय, ती पापड करायला वहिनींकडं, म्हणजे तुमच्याकडं येणार आहे. चिमाजी बकरं दाखवायला तुमच्याकडं येणार आहे. सुलक्षणाबाई तर तुमच्या गावातल्याच, त्या तुमच्या घरी हळदीकुंकवाला निघणार आहेत. गोरखरावांनी झोपायला कडेची खुर्ची मागितलीय. अशा रीतीनं रविवारी तुमच्या घरी माणसं फार होतात आणि तुम्ही एकटे एवढ्यांचं खोटं कसं सांभाळणार, याचा मी आणि अमृतनं विचार केला. तेव्हा तुम्ही त्या दिवशी घरी थांबूच नका. माझ्या शेजारची खुर्ची तुमच्या नावानं काढलीय. वहिनींना सांगा, विंझरला चाललोय.